एव्हबरी की लॅकॉक? विल्टशरमधील एका दिवसाची निवड

इंग्लंडच्या विल्टशर परगण्यासाठी एकच दिवस हाताशी असेल, तर एव्हबरी आणि लॅकॉक या दोन ग्रामीण पॅरिशांपैकी (पॅरिश म्हणजे गावपातळीवरील प्रशासकीय विभाग) एकाचीच निवड करावी. गाडीने दोन्ही उरकता येतात, पण मग एकही नीट पाहून होत नाही.

एव्हबरीचे वैभव उघड्या माळावर आहे. जगातील सर्वांत मोठे शिलावर्तुळ येथे असून गावाचा काही भाग त्याच्या आतच वसला आहे. शिळांना हात लावता येतो, त्यांच्यामधून मेंढ्या चरत असतात आणि वर्तुळ पाहायला तिकीट लागत नाही. वाहनतळाचे पैसे मात्र द्यावे लागतात. मध्ययुगात यातील अनेक शिळा गावकऱ्यांनी जमिनीत पुरल्या होत्या. मुरंब्याच्या व्यवसायातून श्रीमंत झालेल्या घराण्यातील अलेक्झांडर किलर यांनी 1930च्या दशकात त्या पुन्हा उभ्या केल्या, तेव्हा 1938 मध्ये एका शिळेखाली माणसाचा सांगाडा निघाला. त्याच्याजवळ कात्री आणि चौदाव्या शतकाच्या सुरुवातीची नाणी होती. तो फिरस्ता न्हावी-वैद्य असावा, असा तर्क करण्यात आला.

याच पॅरिशमध्ये सिल्बरी हिल हा युरोपातील सर्वांत मोठा प्रागैतिहासिक मानवनिर्मित टेकाड आहे. त्यावर चढण्यास मनाई आहे. समोरच्या चढावरील वेस्ट केनेट हे सुमारे 5,600 वर्षांपूर्वीचे लांबट दफनस्थान मात्र अवश्य पाहावे, कारण त्याच्या दगडी दालनांत थेट आत शिरता येते. विजेरी आणि चिखलात चालतील असे बूट जवळ ठेवावेत.

‘रेड लायन’ हा गवती छपराचा पब वर्तुळाच्या आतच आहे. आत एक जुनी विहीर असून तिच्यावर काच बसवून तिचेच टेबल केले आहे. उन्हाळी अयनदिनाच्या सुमारास येथे फार गर्दी होते. त्या दिवसांत जवळच्या बेकहॅम्प्टन गावातला ‘वॅगन अँड हॉर्सेस’ हा घोडागाड्यांच्या काळातील पब गाठावा.

लॅकॉकमध्ये पाहण्यासारखे जवळजवळ सर्व काही चार रस्त्यांत सामावले आहे. सॅलिस्बरीची काउंटेस एला हिने 1229 मध्ये स्थापन केलेला मठ 1539 मध्ये बंद झाला आणि पुढे त्याचा वाडा झाला. त्या वाड्याच्या एका खिडकीचे छायाचित्रणाचे आद्य प्रवर्तक हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी 1835 मध्ये घेतलेले निगेटिव्ह हे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने कॅमेरा-निगेटिव्ह मानले जाते. माझ्या मते छायाचित्रणाची आवड असणाऱ्याने त्या छोट्याशा खिडकीसमोर उभे राहण्यासाठी एव्हबरी सोडले तरी चालेल. मठ आणि गाव 1944 मध्ये नॅशनल ट्रस्ट या वारसास्थळे जपणाऱ्या संस्थेकडे आले. मठाला प्रवेशशुल्क आहे.

पबच्या बाबतीत लॅकॉक निश्चितच सरस आहे. ‘जॉर्ज इन’च्या चुलाण्याशी एक लाकडी चाक अजून टिकून आहे. त्यात कुत्र्याला पळवून आगीवरचा मांसाचा गज फिरवत असत. ‘साइन ऑफ द एंजल’ ही पंधराव्या शतकातील सराई आणि आणखी एक ‘रेड लायन’ही पायी अंतरावर आहेत.

सोबत वृद्ध मंडळी असतील किंवा पावसाची लक्षणे असतील, तर लॅकॉक निवडावे. चालण्याची हौस असेल आणि आभाळ मोकळे असेल, तर माझे मत एव्हबरीलाच आहे. रेल्वेने येणाऱ्यांनी एव्हबरीसाठी स्विंडनला आणि लॅकॉकसाठी चिपनमला उतरून बस घ्यावी, मात्र रविवारच्या फेऱ्या आधी तपासाव्यात. ग्रामीण पबांची स्वयंपाकघरे दुपारच्या जेवणानंतर अनेकदा संध्याकाळपर्यंत बंद असतात, म्हणून टेबल आधीच राखून ठेवावे आणि शाकाहारी असल्यास त्याच वेळी तसे सांगावे.