एशियाडचा फुटबॉल गणपतीच्या मांडवात? भाड्याच्या प्रोजेक्टर सेटचं परीक्षण

पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास मिळणारा हा सेट म्हणजे ३००० ल्युमेन्सचा (ल्युमेन हे उजेडाचं माप) प्रोजेक्टर, १२० इंची पडदा, एचडीएमआय केबल आणि दोन स्पीकर. रात्रीच्या सामन्यांना उत्तम. एशियाडच्या फुटबॉलसाठी मात्र घेऊ नका. अडचण वेळेची आहे.

२०२३च्या, चीनमधल्या हांगचौ स्पर्धेत भारत-चीन सामना ऐन गणेश चतुर्थीला होता आणि सौदी अरेबियाविरुद्धचा बाद फेरीचा सामना अनंत चतुर्दशीला. दोन्ही आपल्याकडे संध्याकाळी पाचला सुरू झाले. सप्टेंबरात पुण्यात सूर्य मावळतो साडेसहाच्या सुमारास, त्यामुळे चीनविरुद्ध भारताच्या राहुल के. पी.ने मध्यंतराच्या तोंडावर साधलेली बरोबरी उघड्या मांडवात धुरकटच दिसणार. (नंतर चीनने ५-१ने धुतलं, ते न दिसलेलंच बरं.) २०२६ची स्पर्धा जपानमध्ये, आयची-नागोयाला, १९ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर. जपान आपल्यापुढे साडेतीन तास. तिथला संध्याकाळी सातचा सामना इथे दुपारी साडेतीनला. त्या उन्हात ३००० ल्युमेन्सचं काही चालत नाही. पैसे थोडे जास्त पडले तरी ५५ किंवा ६५ इंची टीव्ही स्टँडसकट घ्या आणि तोंड पश्चिमेकडे ठेवू नका.

बंद हॉल असेल तरच प्रोजेक्टर. पण दुकानदार 'फुल एचडी सपोर्ट' म्हणाला की मूळ रिझोल्यूशन, म्हणजे प्रोजेक्टरचे स्वतःचे पिक्सेल (चित्राचे ठिपके) किती, ते विचारा. ८००×६००चा निघाला, तर रुंद चित्रासाठी जेमतेम ८००×४५० पिक्सेल वापरले जातात. लांबच्या कॅमेऱ्यातून चेंडू गवतात विरघळतो. क्रिकेटमध्ये हे खपतं, फुटबॉलमध्ये नाही. १९२०×१०८०चाच मागा. १२० इंची चित्रासाठी साधारण तेरा फूट अंतर लागतं. चित्र तिरकं आलं तर ते सरळ करणारं कीस्टोनचं बटण दाबत बसू नका, त्याने पिक्सेल कापले जातात. टेबलाची उंची बदला.

सेटमधली लांब केबल हा सगळ्यात कच्चा दुवा. दहा मीटरच्या पुढे साध्या केबलवर चित्र मधेच काळं होतं. लॅपटॉप प्रोजेक्टरजवळ ठेवा आणि लांबवायचीच तर स्पीकरची वायर लांबवा. ब्लूटूथवर आवाज चित्रामागे पडतो. मोबाईलचं मिररिंग, म्हणजे त्याचा स्क्रीन जसाच्या तसा पडद्यावर पाठवणं, टाळा. कॉपीराइटच्या संरक्षणामुळे बरीच ॲप पडद्यावर फक्त काळा चौकोन दाखवतात. नेटवरचं प्रक्षेपण टीव्हीपेक्षा मागे असतं, त्यामुळे शेजारच्या इमारतीतून 'गोऽऽल' आधी ऐकू येतो. त्याला इलाज डिशच्या सेटटॉप बॉक्सचा.

तीन तासांचं भाडं साखळी सामन्यांना पुरतं. बाद फेरीत जादा वेळेची ३० मिनिटं आणि पेनल्टी धरल्या, तर सामनाच पावणेतीन तासांवर जातो, वर जोडणीचा अर्धा तास. चार तासांचं ठरवा, लेखी. आणि संपल्यावर लगेच प्लग ओढू नका: दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर पंखा थांबेपर्यंत वीज चालू हवी, नाहीतर दिवा जातो आणि डिपॉझिटही.