पेठेतलं घर की कळंब्याकडचा फ्लॅट? आधी चालायचं की गाडी काढायची ते ठरवा

माझी मावसबहीण बदली होऊन कोल्हापूरला येतेय. बरोबर मावशी आणि अकरा वर्षांचा मुलगा. ऑफिस राजारामपुरीत. दोन घरं बघून ठेवलीत. एक मंगळवार पेठेत, दोन खोल्यांचं, गाडी लावायला जागा नाही. दुसरं कळंब्याकडं, ऐसपैस, खाली हक्काचं पार्किंग. भाडं जवळपास सारखंच. कुठलं घेऊ, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, रोज चालणार आहेस की गाडी काढणार आहेस ते आधी ठरव, घर आपोआप ठरेल.

पेठेतून अंबाबाईचं देऊळ, महाद्वार रोड, कपिलतीर्थची भाजी, खासबाग, सगळं चालण्याच्या अंतरात. किलोमीटरला बारा मिनिटं धरली तर राजारामपुरीतलं ऑफिसही अर्ध्या तासाच्या आत. इथं गाडी काढून वेळ वाचत नाही. महाद्वार रोडला जायला पाच मिनिटं आणि गाडी लावायला पंधरा, हा माझा नेहमीचा अनुभव. नवरात्रात तर देवळाभोवतीचे रस्ते वाहनांना बंदच असतात.

पण पेठेतलं चालणंही सुखाचं नाही. फुटपाथ असला तर त्यावर गाड्या नाहीतर दुकानाचा माल, म्हणून माणूस रस्त्यावर उतरतो. बिंदू चौकात संध्याकाळी म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडून देताना माझे हात गार पडतात. आषाढाच्या पावसात छत्री, पिशवी आणि मुलाचा हात एकदम सांभाळायचा म्हणजे कसरतच.

कळंब्याकडं हवा मोकळी, सकाळी तलावाकडं फिरायला जाता येतं. बाकी सगळ्याला गाडी. ऑफिस एका बाजूला पाच किलोमीटर धरलं, तर महिन्याचे सव्वीस दिवस म्हणजे २६० किलोमीटर. स्कूटर लिटरला ४५ देत असेल तर सहा लिटरच्या आत भागतं, चारचाकी १५ देत असेल तर सतरा लिटरच्या वर जातं. एवढा खर्च तिला झेपेल. मला काळजी मावशीची आणि पोराची वाटते. मावशीला गाडी येत नाही, पोराला अजून सात वर्षं नेहमीच्या स्कूटरचं किंवा चारचाकीचं लायसन्स मिळणार नाही. देवळात जायचं, गोळ्या आणायच्या, मित्राकडं खेळायला जायचं, प्रत्येक वेळी "मला सोडतेस का?" असं विचारावं लागणार. केएमटीची, म्हणजे महापालिकेची, बस आहे, पण वाट बघायची तयारी पाहिजे. गावी मावशी रोज एकटी बाजारात जायची. तिचं ते जाणं-येणं बंद पडलं तर मोठ्या बाल्कनीनं भरून निघणार नाही.

परदेशातली माणसं बघा कशी चालतात, असं आपल्याकडं सारखं ऐकायला मिळतं. त्यांचा स्वभाव वेगळा असं मला वाटत नाही, तिथले नियम आणि रस्ते वेगळे आहेत. जपानमध्ये बहुतेक ठिकाणी गाडी नोंदवायच्या आधी ती उभी करायला घरापासून दोन किलोमीटरच्या आत जागा आहे, याचा पोलिसांकडून दाखला घ्यावा लागतो. तिथली प्राथमिक शाळेची पोरं गटानं चालत शाळेला जातात. कोपनहेगननं १९६२ साली स्ट्रॉयेट हा भर बाजाराचा रस्ता गाड्यांना बंद केला, तो आजही चालणाऱ्यांचाच आहे. सिंगापूरमध्ये १९९० पासून गाडी घेण्याआधी लिलावात परवाना घ्यावा लागतो आणि तो दहा वर्षंच चालतो. उलट अमेरिकेतल्या कित्येक उपनगरांत घरं एकीकडं आणि दुकानं दुसरीकडं, असा नियमच केलेला. तिथं दूध आणायलाही चारचाकी काढावी लागते.

आपल्या पेठा मोटारी यायच्या आधीच वसल्या, म्हणून तिथं दूध, देऊळ, तालीम, शाळा हाताशी आहे. जवळ असण्याचं हे सुख आपल्याकडं आयतं आहे, नीट फुटपाथ तेवढा आपण दिलेला नाही. शहराबाहेरच्या नव्या वसाहती मात्र बऱ्याचशा गाडीच्या भरवशावर उभ्या राहतायत.

नोकरी गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीत असती तर मी कळंबाच सांगितलं असतं. पेठेतून रोज सकाळी गर्दीतून गाडी बाहेर काढायची आणि रात्री परत लावायला जागा शोधायची, यात माणूस थकून जातो. पण ऑफिस राजारामपुरीत, शिवाय घरात एक म्हातारं आणि एक पोर. मी पेठेकडं झुकतो. एक स्कूटर मात्र ठेवावी, दवाखान्यासाठी आणि पावसासाठी. ती रात्री कुठं लावायची हे घरमालकाशी आधीच बोलून घ्यावं.

शनिवारी ती येतेय. संध्याकाळी सहाला, ऐन गर्दीच्या वेळी, मावशीला घेऊन आम्ही दोन्ही घरांच्या दारातून चालत निघणार. दूध, भाजी आणि बीपीच्या गोळ्या घेऊन परत यायचं. मावशीचा हात मी धरणार नाही, फक्त मागून चालणार. कुठल्या घरापासून ती न थांबता, न घाबरता परत येते ते बघायचंय.