दिवाडी बेटावरचा लघुपट महोत्सव : ३१ हजार रुपये आणि चार मिनिटं

गोव्यातल्या दिवाडी बेटावर लघुपट महोत्सव भरवून ज्यांनी आम्हाला फसवलं, त्या लोकांनी येत्या हिवाळ्यासाठी पुन्हा प्रवेशिका मागवायला सुरुवात केली आहे. बेट या वेळी दुसरं आहे, महोत्सवाचं नावही जरा बदललंय, पण फॉर्म तोच आणि पैसे भरायचा क्यूआर कोडही तोच. म्हणून आज हे लिहायला बसले. लघुपट करणारी बहुतेक मुलं स्वतःच्या खिशातून पैसे घालतात. त्यातल्या एकाचे जरी वाचले तरी मला बरं वाटेल.

मी कोल्हापुरात लग्नाचे व्हिडिओ एडिट करते, धाकटा भाऊ कॅमेरा बघतो. दोन हंगाम करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर जाऊन जाऊन आम्ही १७ मिनिटांचा लघुपट केला. त्यात एकच माणूस आहे, तिथले गुळवे, म्हणजे गूळ करणारे. सगळं गाव त्यांना मामा म्हणतं, आम्हीही मामाच म्हणतो. चुलवाणाचा जाळ, काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, उसळणारा रस, भेंडीचं पाणी टाकल्यावर वर येणारी मळी, आणि पाक उतरवायच्या आधीचा मामांचा चेहरा. शेवटची ५ मिनिटं फक्त तो चेहरा आहे. ते एक अक्षर बोलत नाहीत. पाकाचा थेंब पाण्यात सोडतात, बोटांत गोळी वळून बघतात, आणि मग खूण करतात. सगळा लघुपट त्या खुणेसाठी आहे.

महोत्सवाची जाहिरात भावाला फिल्मफ्रीवेवर, म्हणजे महोत्सवांना चित्रपट पाठवायच्या संकेतस्थळावर, दिसली. दिवाडी बेट, मांडवी नदी, दोन दिवस लघुपट आणि सोबत छायालेखनाची कार्यशाळा. गोवा म्हटलं की आमच्यासारख्यांच्या डोळ्यांसमोर इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, येतो. २००४ पासून तो पणजीत भरतो आणि दर नोव्हेंबरात आमच्या ओळखीतलं कुणी ना कुणी तिकडे असतंच. जाहिरातीत ‘इफ्फीच्या भूमीत’ असं मोठ्या अक्षरांत होतं. इफ्फीशी संबंध असल्याचं कुठंही लिहिलं नव्हतं, पण वाचणाऱ्याच्या मनात तो आपोआप जोडला जावा अशीच ती ओळ होती. आमच्या मनात तसा तो जोडला गेला. फिल्मफ्रीवेवर नाव आहे म्हणजे महोत्सव खरा असणार, हाही आमचा समज. तिथे पान असणं ही खरेपणाची हमी नव्हे, हे नंतर कळलं.

प्रवेश फी १,५०० रुपये. तीन आठवड्यांत निवड झाल्याचा मेल आला. आम्ही घरात पेढे वाटले. दुसऱ्याच दिवशी दुसरा मेल आला : निवड पक्की करायची तर दोघांचे डेलिगेट पास घ्यावे लागतील, प्रत्येकी ३,५०० रुपये. आम्ही पुण्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला, पिफला, ८०० रुपयांत पास काढून आठवडाभर चित्रपट पाहिले होते. ते आठवायला हवं होतं. ज्याचा चित्रपट निवडला, त्यालाच आत यायला पैसे मागणारा महोत्सव कसला? पण निवड झाल्याचा आनंद इतका होता की हा प्रश्नच डोक्यात आला नाही. पुढचा मेल डीसीपीचा. थिएटरच्या प्रोजेक्टरला लघुपट त्याच स्वरूपात लागतो, हे मला माहीत होतं. ‘रूपांतर आमच्याच लॅबकडून करून घेणे बंधनकारक’, ८,५०० रुपये. भावाने कार्यशाळेसाठी १४,००० भरले. सगळे मिळून ३१,०००. प्रत्येक वेळी रक्कम अशी की एकेकटी बघितली तर जड वाटत नाही, आणि प्रत्येक मेलमध्ये ४८ तासांची मुदत.

मामांना बरोबर न्यायचं माझ्याच मनात आलं. फेब्रुवारी म्हणजे गुऱ्हाळाचा भर हंगाम, तरी त्यांनी दोन दिवस दुसऱ्याला काहिलीवर उभं केलं आणि इस्त्रीचं धोतर-पैरण घालून निघाले. त्यांनी कधी मोठ्या पडद्यावर स्वतःला पाहिलं नव्हतं. आम्हीही आमचं काम मोठ्या पडद्यावर पाहिलं नव्हतं.

जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीतून खाली उतरलं की दिवाडीची फेरीबोट लागते. चालत जाणाऱ्याला पैसे पडत नाहीत. पाच-दहा मिनिटांत पलीकडे. दोन्ही काठांना खारफुटी, पुढे खाजनाची, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घातलेली शेतं, बगळे, आणि टेकडीवर पांढरं चर्च. बेट खरंच सुंदर आहे आणि तिथल्या माणसांचा यात काडीचाही दोष नाही, हे मुद्दाम सांगते. धक्क्यावरच्या दुकानात आम्ही महोत्सवाचा पत्ता विचारला तर दुकानदार बाईंना असं काही असल्याचं ठाऊकच नव्हतं. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बोंदेराचा उत्सव असतो तेव्हा अख्खं बेट रस्त्यावर येतं, पण लघुपटांचं आजवर कुणी काही बोललेलं नाही, असं त्या म्हणाल्या. बेटावरचा महोत्सव आणि बेटाला पत्ता नाही, हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला.

महोत्सव होता एका रिसॉर्टच्या जेवणघरात. खिडक्यांना पातळ पडदे, त्यातून दुपारचं ऊन सरळ पडद्यावर. प्रोजेक्टर टेबलावर, त्याच्या पुढच्या पायाखाली उपडी घातलेली स्टीलची ताटली. चाळीस खुर्च्या, बसलेले जेमतेम पंधरा, आणि ते सगळे आमच्यासारखेच आपापल्या लघुपटाची वाट बघणारे. तिकीट काढून आलेला प्रेक्षक एकही नव्हता. लॅपटॉपवर बसलेल्या मुलाला मी विचारलं, ‘आमचं डीसीपी कुठल्या ड्राइव्हवर आहे?’ त्याला तो शब्दच माहीत नव्हता. डीसीपी साध्या लॅपटॉपवर असं क्लिक करून लागत नाही, त्यासाठी थिएटरमधला सर्व्हर नाहीतर खास सॉफ्टवेअर लागतं. तिथे दोन्ही नव्हतं. म्हणजे ८,५०० रुपयांचं ते रूपांतर कधी झालंच नव्हतं.

आमची वेळ ११.४० ची होती, लागला ४.२० ला. अर्ज करताना परीक्षकांसाठी जी हलकी फाइल पाठवली होती, तीच त्यांनी नेटवरच्या गूगल ड्राइव्हवरून थेट लावली. मी त्या फाइलवर मधोमध ‘प्रिव्ह्यू’ असा शिक्का टाकला होता. पडद्यावर मामांचा चेहरा आला तेव्हा तो शब्द त्यांच्या कपाळावर होता. नेट अडखळलं की मध्ये गोल फिरायचं आणि मामा माझ्याकडे बघायचे. चार मिनिटं झाली असतील, तेवढ्यात प्रमुख पाहुणे आले म्हणून दिवे लावले गेले. ‘उरलेलं समारंभानंतर दाखवू’ म्हणाले. दाखवलं नाही. मामा दिवे लागल्यावरही बराच वेळ पडद्याकडे बघत बसले होते. मग हळूच म्हणाले, ‘पाक व्हायच्या आदीच काहील उतरली की गं.’

बक्षीस समारंभात ४१ बक्षिसं होती. ट्रॉफ्या मात्र माझ्या डोळ्यांदेखत सहाच. एकाच्या हातात द्यायची, फोटो काढायचा, आणि बाजूला नेऊन पुढच्याच्या हातात द्यायची. आम्हाला ‘प्रादेशिक विभागात विशेष उल्लेख’ मिळाला. ट्रॉफी घरी हवी असेल तर ४,२०० रुपये ‘घडणावळ व कुरिअर’. तेवढे पैसे आम्ही भरले नाहीत, एवढंच.

कार्यशाळेचं काय झालं ते भावाकडून ऐकलं. जाहिरातीत ज्या नामवंत छायालेखकाचा फोटो होता, ते आलेच नाहीत. नंतर मी त्यांना लिहिलं, तर आपला फोटो असा वापरलाय याची त्यांना कल्पनाही नव्हती. शिकवायला आलेल्या तरुणाने पहिला तास स्वतःची ओळख करून देण्यात घालवला. २३ मुलांत एक कॅमेरा, तोही साडेअकराला बंद पडला, कारण दुसरी बॅटरीच आणली नव्हती. दुसऱ्या दिवशी ‘प्रात्यक्षिक’ म्हणून मुलांना मोबाइलवर रिसॉर्टचं शूटिंग करायला लावलं. पोहण्याचा तलाव, खोल्या, नाश्ता. त्या क्लिपा आता रिसॉर्टच्या जाहिरातीत आहेत. म्हणजे १४ हजार भरून मुलांनी दुसऱ्याच्या जाहिरातीचं काम केलं. पुण्याची सरकारी चित्रपट संस्था एफटीआयआय २०१७ पासून ठिकठिकाणी छोटे अभ्यासक्रम घेते. त्यांच्या जाहिरातीत जागा किती, तास किती, शिकवणार कोण, हे आधी छापलेलं असतं. आमच्या हातात यातलं काहीच नव्हतं आणि आम्ही मागितलंही नाही.

घरी आल्यावर मी शांतपणे कार्यक्रमपत्रिका घेऊन बसले. यादीत ८६ लघुपट, प्रत्येकापुढे लांबी दिलेली. बेरीज केली : १,२९० मिनिटं. पडदा एक, दिवस दोन, सकाळी १० ते संध्याकाळी ६, मधला जेवणाचा तास सोडला तर ८४० मिनिटं. म्हणजे सगळे लघुपट दाखवणं शक्यच नव्हतं, हे पत्रिका छापतानाच त्यांना माहीत होतं. ती पत्रिका आम्हाला आठ दिवस आधी आली होती. दहा मिनिटांची बेरीज होती ती. रोज टाइमलाइनवर सेकंद मोजणाऱ्या मला ती सुचली नाही, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. तुमच्याकडे कुठल्याही महोत्सवाची पत्रिका आली तर आधी ही बेरीज करा.

पावतीचंही तसंच. संस्था ‘न्यास’ (ट्रस्ट) असल्याचं लिहिलं होतं, पत्ता गोव्याचा. पावतीवरचा जीएसटी क्रमांक मात्र २७ ने सुरू होणारा, म्हणजे महाराष्ट्रातला. गोव्याचा ३० ने सुरू होतो. पहिल्या दोन आकड्यांनंतर मालकाचा पॅन असतो आणि पॅनचं चौथं अक्षर मालक कोण ते सांगतं. न्यास असेल तर टी, कंपनी असेल तर सी, एकटी व्यक्ती असेल तर पी. आमच्या पावतीवर पी होता. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर क्रमांक टाकला तर व्यवसाय ‘समारंभ सजावट’ निघाला.

आणखी एक गोष्ट मला एका जुन्या फिल्म सोसायटीवाल्या काकांनी सांगितली. सेन्सॉरचं प्रमाणपत्र नसलेले चित्रपट महोत्सवात दाखवायचे तर आयोजकाला केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट घ्यावी लागते. आमच्यासारख्यांच्या लघुपटांना प्रमाणपत्र कुठून असणार? म्हणजे खऱ्या आयोजकाकडे सूट मिळाल्याचं पत्र असतंच. मी आयोजकांना व्हॉट्सॲपवर त्या पत्राचा क्रमांक विचारला. दोन निळ्या टिका आल्या आणि मग माझा नंबर ब्लॉक. पैसे भरायच्या आधी हा एकच प्रश्न विचारला असता तरी पुरलं असतं. तसंच ‘ऑस्करसाठी पात्र महोत्सव’ असा शिक्का दिसला तर अकादमी स्वतःची यादी प्रसिद्ध करते, तिथे नाव शोधा. यांचं नाही.

आणि आदल्या वर्षीच्या विजेत्यांना गाठा. मी हे उशिरा केलं. पाच जणांना लिहिलं, दोघांचं उत्तर आलं. एकाला पैसे भरूनही ट्रॉफी मिळाली नव्हती. दुसऱ्याला आपण जिंकलोय हेच माहीत नव्हतं.

पोलिसांत गेलो, पण ‘कार्यक्रम तर झाला ना, मग हा तुमचा आपसातला व्यवहार’ असं उत्तर मिळालं. पैसे नुकतेच गेले असतील तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा, पहिले काही तास फार मोलाचे असतात. आमचे जाऊन महिने झाले होते. मग आम्ही ग्राहक आयोगाकडे वळलो. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, गोव्याला खेटे घालावे लागत नाहीत. ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. सल्ल्यासाठी १९१५ ही हेल्पलाइन आहे. आमची तक्रार दाखल झाली आहे. मेल, यूपीआयच्या नोंदी, पत्रिका आणि मी मोबाइलवर घेतलेला त्या ताटलीवरच्या प्रोजेक्टरचा फोटो, सगळं जोडलंय. तुमच्याकडे यांच्याबद्दल काही असेल तर जपून ठेवा, मेल पुसू नका.

त्या प्रवासात एकच गोष्ट मनासारखी झाली. सप्तकोटेश्वराचं मूळ ठिकाण दिवाडीवर होतं, हे मामांना माहीत होतं. महाराजांनी ते देऊळ १६६८ मध्ये पुन्हा बांधायला लावलं, हेही. त्यांना वाटत होतं देऊळ बेटावरच आहे. दुकानदार बाईंनी सांगितलं, देव पोर्तुगीज काळातच नदीपलीकडे गेला, डिचोलीतल्या नार्व्याला. समारंभाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बेटाच्या दुसऱ्या टोकाची फेरीबोट धरून तिकडे गेलो. मामा देवळात बराच वेळ बसले. परतीच्या वाटेवर मी त्यांची माफी मागितली, तर म्हणाले, ‘तू कशाला मागतीस?’

परवा भावाने मला नवीन जाहिरात पाठवली. वर दुसऱ्या बेटाचं नाव, खाली ‘गतवर्षीचे विजेते’, आणि मध्ये आमच्या लघुपटातली एक चौकट. वाफेतून दिसणारा, डोक्याला मुंडासं बांधलेला, काहिलीवर वाकलेला एक म्हातारा माणूस. शिक्का पुसून टाकलाय. ती चौकट १३ व्या मिनिटाची आहे. ती त्या जेवणघरात कुणी पाहिली नाही, मामांनीही नाही.