चंबा रुमाल: भेट देण्याआधी उलटून पाहा

१९११च्या दिल्ली दरबारात चंब्याचे राजे भुरीसिंह यांनी ब्रिटिश सम्राटाला चंबा रुमाल, म्हणजे दोन्ही बाजूंनी सारखं रेशमी भरतकाम केलेले रुमाल, भेट दिले. बड्या पाहुण्याला द्यायला हिमाचलातली याहून देखणी वस्तू आम्हाला ठाऊक नाही. अट एकच, नग अस्सल हवा.

ओळखायचा तो उलट्या बाजूने. मलमलीवर किंवा बारीक खादीवर आधी पहाडी चित्रशैलीतलं रेखाटन होतं: रासमंडल, गणपती, शिकार. मग बिनपिळाच्या रेशमी धाग्याने दोरुखा टाका भरतात. सुई दोन्ही बाजूंना सारखंच भरत जाते, गाठ कुठेच मारत नाहीत, धाग्याचं टोक भरलेल्या टाक्यांखाली दडवतात. कर्नाटकी कशिद्यातली गवंती (धावदोऱ्यासारखा टाका) दोन्हीकडून सारखी दिसते, पण ती कापडाचे धागे मोजून घातलेली रेघ असते; इथे अख्खा आकार भरायचा असतो.

रुमाल उजेडासमोर धरा. एका फुलावरून दुसऱ्या फुलावर ओढत नेलेला धागा मलमलीतून लगेच दिसतो. तसा दिसला की काम एकरुखी, म्हणजे एकाच बाजूने बघायचं, समजा. पिळाचा धागा वापरला असेल तर भरणी दोरीसारखी उठते आणि रेशमाची सपाट चमक जाते. टाका जास्त ओढला की आकाराभोवती कापडाला चुण्या पडतात, इस्त्रीनेही त्या पुरत्या जात नाहीत. चेहरे नीट बघा. डोळा आणि नाक एकदोन टाक्यांतच साधायचं असतं, घाईचं काम तिथे उघडं पडतं.

मोठा, दाट भरलेला रुमाल व्हायला कित्येक महिने जातात, त्यामुळे समारंभाच्या तोंडावर ऑर्डर देऊ नका. चंब्याच्या ललिता वकील यांना याच कामासाठी २०२२ साली पद्मश्री मिळाली.

सगळ्यात जास्त खटकते ती फ्रेम. मागे पुठ्ठा लावून, गोंदाने चिकटवून दिलेला रुमाल म्हणजे अर्धं काम झाकून टाकणं, शिवाय गोंदाचे डाग पुढे पिवळे पडतात. दोन्ही बाजूंना काच लावून घ्या. काच रेशमाला टेकू नये म्हणून कडेने पट्टी हवी, आणि रुमाल फक्त काठावर हातटाक्यांनी पकडलेला असावा. फ्रेम नको असेल तर घडी न घालता मऊ सुती कापडासकट नळीवर गुंडाळून द्या. सोबत चिठ्ठी ठेवा: धुऊ नये, उन्हात टांगू नये, अंगठी घातलेल्या हाताने हाताळू नये. मोकळं रेशीम चटकन अडकतं.