मॉनिटरला कोणती केबल लावावी: एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट की टाइप-सी?

केबल घेण्याआधी कॉम्प्युटरच्या आणि मॉनिटरच्या मागे कोणते पोर्ट आहेत ते पाहा आणि मॉनिटर कोणत्या रेझोल्यूशनला (चित्रातल्या ठिपक्यांची संख्या, जसं १०८०पी, १४४०पी, ४के) किती हर्ट्झ (सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं) चालतो ते त्याच्या माहितीपत्रकात वाचा. पोर्ट, केबल, मॉनिटर यांत ज्याची क्षमता सगळ्यांत कमी, तेवढंच पडद्यावर मिळतं.

रंगाची खोली (प्रत्येक रंगाच्या छटा नोंदवायला लागणारे बिट) नेहमीची ८ बिट धरली, तर १०८०पी ६० हर्ट्झला सेकंदाला जेमतेम ३.२ गिगाबिट डेटा लागतो. ४के ६० हर्ट्झला सुमारे १२.५, १४४०पी १४४ हर्ट्झला १४ आणि ४के १४४ हर्ट्झला ३१ गिगाबिट. म्हणजे ऑफिसचं काम १०८०पी ६० हर्ट्झवर करणाऱ्याने डोकं खाजवायची गरज नाही. घरात पडलेली धड एचडीएमआय केबल लावावी. खरा प्रश्न ४के किंवा जास्त हर्ट्झचा मॉनिटर आला की सुरू होतो.

एचडीएमआय १.४ चा पोर्ट ४के फक्त ३० हर्ट्झला दाखवतो, आणि त्यात माउसचा बाणसुद्धा अडखळत सरकतो. २.० मध्ये एकूण १८ पैकी प्रत्यक्ष चित्रासाठी १४.४ गिगाबिट मिळतात. ४के ६० आरामात, १४४०पी १४४ काठावर. २.१ ची कमाल गती ४८ गिगाबिट, पण इथे एक मेख आहे. त्यातली बरीच वैशिष्ट्यं ऐच्छिक असल्याने खोक्यावर ‘२.१’ छापलेला पोर्ट पूर्ण गतीचा असेलच असं नाही. आकडा सोडा, मॉनिटर एचडीएमआयवरून किती हर्ट्झ देतो ते वाचा. केबलवर मात्र आवृत्ती नव्हे, श्रेणी पाहायची: १८ गिगाबिटसाठी ‘प्रीमियम हाय स्पीड’, ४८ साठी ‘अल्ट्रा हाय स्पीड’. दोन्हींच्या खोक्यावर स्कॅन करून तपासता येईल असं प्रमाणपत्राचं लेबल असतं.

डिस्प्लेपोर्ट १.२ मध्ये चित्रासाठी १७.२८ आणि १.४ मध्ये २५.९२ गिगाबिट मिळतात. ४के १४४ त्यात मावत नाही, म्हणून १.४ ‘डीएससी’ नावाचं कॉम्प्रेशन वापरतं. ते ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटर दोघांनाही यायला हवं. डोळ्यांना फरक सहसा कळत नाही. एका पोर्टवरून साखळीने दोन मॉनिटर जोडायचे असतील तर डिस्प्लेपोर्टच घ्यावा, फक्त मॅकओएस अशा साखळीत दुसऱ्या मॉनिटरवर वेगळं चित्र देत नाही. बऱ्याच डिस्प्लेपोर्ट केबलींच्या टोकाला खटका असतो. तो दाबल्याशिवाय ओढलं तर केबलपेक्षा पोर्टचंच नुकसान होतं. काही हलक्या केबलींमध्ये विसाव्या पिनची तारही जोडलेली असते. मग मॉनिटरकडून ३.३ व्होल्ट उलटे कार्डात शिरतात आणि कॉम्प्युटर सुरूच न होणं किंवा बंद केल्यावरही बोर्डावरचा दिवा पेटलेला राहणं असे विचित्र प्रकार घडतात. प्रमाणित केबल घेण्याचं खरं कारण हे. सोन्याच्या मुलाम्याने चित्र उजळत नाही.

डेस्कटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल आणि मॉनिटरला दोन्ही पोर्ट असतील, तर आमची पसंती डिस्प्लेपोर्टला. एचडीएमआयचा पोर्ट टीव्ही किंवा गेम कन्सोलसाठी मोकळा ठेवा. केबल कार्डाच्याच पोर्टला लावा. मदरबोर्डच्या पोर्टला लावली तर कार्ड बाजूला राहतं किंवा पडदा काळाच राहतो.

लॅपटॉपवाल्यांसाठी टाइप-सी सगळ्यांत सुटसुटीत आणि सगळ्यांत फसवी. एकाच केबलमधून चित्र, चार्जिंग आणि मॉनिटरच्या यूएसबी पोर्टांची जोडणी होते, पण लॅपटॉपच्या त्या पोर्टमधून चित्र निघत असेल तरच. पोर्टशेजारी डिस्प्लेपोर्टचं किंवा थंडरबोल्टच्या (टाइप-सी आकाराच्याच जास्त वेगवान जोडणीच्या) विजेचं चिन्ह असेल तर निघतं. चिन्ह नसेल तर माहितीपत्रक पाहावं. फोनच्या चार्जरसोबतची केबल बहुधा यूएसबी २.० ची असते. तिच्यात चित्राच्या तारा नसतात, त्यामुळे लॅपटॉप चार्ज होत राहतो आणि मॉनिटर ‘सिग्नल नाही’ म्हणतो. केबल चांगली असूनही ४के ३० हर्ट्झवर अडकलं, तर मॉनिटरच्या मेनूत यूएसबी ३ ऐवजी यूएसबी २ निवडून पाहा. यूएसबीचा वेग घटतो, पण केबलमधल्या वेगवान डेटाच्या चारही मार्गिका (तारांच्या जोड्या) चित्राला मिळतात.

डीव्हीआय आणि व्हीजीए हे जुने पोर्ट जुन्या मॉनिटरपुरतेच. ड्युअल-लिंक डीव्हीआय २५६० बाय १६०० ला ६० हर्ट्झ देतो. व्हीजीए अ‍ॅनालॉग असल्याने अक्षरं थोडी पसरतात.

डिस्प्लेपोर्टकडून एचडीएमआयकडे जाणारी साधी केबल उलट दिशेने चालत नाही. एचडीएमआयच्या कॉम्प्युटरला डिस्प्लेपोर्टचा मॉनिटर जोडायला सक्रिय (आतल्या चिपने सिग्नल बदलणारा) अ‍ॅडॅप्टर लागतो, आणि त्याला बहुधा यूएसबीवरून वेगळी वीजही द्यावी लागते.

लांबी गरजेपुरतीच घ्या. ४के १२० च्या पुढे २ मीटर तांब्याची केबल बरी. बरंच अंतर असेल तर ऑप्टिकल केबल घ्या. तिची दोन टोकं वेगळी असतात, उलट लावली तर काहीच दिसत नाही.

केबल कमी पडते तेव्हा चित्र फिकं होत नाही. पडदा क्षणभर काळा होतो, पांढरे ठिपके चमकतात किंवा वरचे हर्ट्झ यादीतच येत नाहीत. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन रिफ्रेश रेट १४४ चा ६० करा. काळं होणं थांबलं, तर आधी केबल बदला. रंग धुतल्यासारखे दिसत असतील, तर केबलला हात लावू नका. ग्राफिक्स सेटिंगमध्ये आरजीबी (रंगांची व्याप्ती) ‘लिमिटेड’चं ‘फुल’ करा.