विमानात मूल रमवायला टॅब की स्टिकरचं पुस्तक?
मुंबई-लंडन म्हणजे नऊ-दहा तास. टॅबवर कार्टून आधीच डाउनलोड केलेली असली की मूल जागचं हलत नाही. हेडफोन मात्र हवाच, नाहीतर शेजारचे काका डोळे वटारतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सल्ल्यानुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभरापेक्षा जास्त स्क्रीन नको. मग उरलेल्या आठ-नऊ तासांचं काय?

माझं मत स्टिकरच्या पुस्तकाला. चार्जिंगची भानगड नाही. पुन्हा चिकटणारे स्टिकर घ्या, ते खिडकीवर लागतात आणि निघतातही. (खडू नकोत, घरंगळून सीटखाली जातात.) टॅब पोरगं रडकुंडीला येईल तेव्हासाठी राखून ठेवा. विमान उतरताना कान दुखले तर दोन्हींचा उपयोग नाही, तेव्हा पाण्याचे घोट पाजा.