क्लास २ कॉम्प्रेशन मोजे: माप नीट असेल तरच घ्या

कोल्हापुरात शिरोलीच्या फाउंड्रीत नाहीतर राजारामपुरीच्या दुकानात दिवसभर उभं राहून संध्याकाळी घोटे सुजत असतील, पोटरीवर निळ्या शिरा फुगत असतील, तर गुडघ्यापर्यंतचे हे मोजे खरोखर उपयोगी आहेत. घोट्याशी २३ ते ३२ मिमी पाऱ्याइतका दाब (हाच क्लास २), वर जाताना कमी होत जाणारा; त्यामुळे रक्त खाली साचत नाही. फुगलेली शीर यांनी जात नाही. सूज आणि जडपणा उतरतो, तेही मोजे पायात असेपर्यंतच.

मात्र थोडं चाललं की पोटरी वळते, थांबलं की दोन-चार मिनिटांत बरं वाटतं, पाऊल गार असतं, बोटाची जखम भरत नाही, असं असेल तर दुखणं धमनीचं आहे. अशा पायाला रक्त आधीच कमी पोचतं. वरून आवळलं तर कातडी मरते. मधुमेह किंवा विडी-तंबाखू असेल तर आधी डॉप्लरने (रक्ताचा प्रवाह तपासणारं यंत्र) घोट्याचं आणि दंडाचं बीपी तपासून घ्या. घोट्याच्या बीपीला दंडाच्या बीपीने भागून येणारं गुणोत्तर ०.५ च्या खाली असेल तर हे मोजे अजिबात नकोत. तिथे उपाय वेगळा: तंबाखू पूर्ण बंद, डॉक्टरांनी दिलेली स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) आणि अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी) न चुकता, आणि रंकाळ्यावर चालणं. पोटरी चांगली दुखेपर्यंत चालायचं, टेकायचं, दुखणं थांबलं की पुन्हा निघायचं. अशी ३० ते ४५ मिनिटं, आठवड्यातून किमान तीनदा, निदान तीन महिने.

'मीडियम द्या' म्हणून मोजे घेऊ नका. सकाळी उठल्या उठल्या, सूज चढायच्या आत, टेप लावा: घोट्याच्या वरचा सगळ्यात बारीक घेर, पोटरीचा सगळ्यात जाड घेर, टाचेपासून गुडघ्याच्या वळीपर्यंतची उंची. संध्याकाळच्या मापाचा मोजा सकाळी ढिला पडतो. टेप न लावताच पाकीट पुढे करणारं दुकान सोडा.

घालताना मोजा टाचेपर्यंत उलटा करा, पाऊल आत सारा, टाच बरोबर जागी बसवा आणि मग वर चढवा. भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले की पकड छान येते. वरची कड दुमडू नका. ती दोरीसारखी आवळते. रात्री काढून ठेवा.

बोटं उघडी राहणारा प्रकार घ्या. अंगठ्याची कोल्हापुरी घालता येते, बोटांचा रंगही दिसत राहतो. ती निळी-पांढरी पडली, मुंग्या आल्या की लगेच काढा.

कोमट पाण्यात हाताने धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. जुलैत इथे एका दिवसात वाळत नाहीत, म्हणून दोन जोड हवेतच. रोज वापरले तर साधारण सहा महिन्यांत इलॅस्टिक सैल होतं. मोजा सहज चढायला लागला की बदला.